ओळंब्यात परतणारी भिंत

इमारती बांधण्याच्या व्यवसायात एक करार असा आहे, की जो त्या इमारतीत राहावयास येणाऱ्या माणसाला कोणी कधी वाचून दाखवीत नाही. नकाशे मंजूर होतात, भोगवट्याचा दाखला मिळतो, सोसायटीची नोंदणी होते, बँकेच्या दप्तरात गहाणखत जमा होते. परंतु या साऱ्या कागदपत्रांत ते कलम कोठेही आढळत नाही. मोठा भूकंप झाल्यास तुमचा जीव वाचावा अशी तजवीज आम्ही केली आहे, इमारत त्यानंतर राहण्यायोग्य उरेल अशी हमी मात्र दिलेली नाही, हा त्या कलमाचा मजकूर. भारतीय मानक क्रमांक १८९३ या संहितेनुसार, तन्य, म्हणजे न तुटता ताणली जाईल अशा पद्धतीने सळया बांधलेली काँक्रीटची भिंत भूकंपात अजिबात न तडकता राहिली तर तिच्यावर जे बल येईल, त्याला ४ ने भागून जे उरते तेवढ्यासाठीच आम्ही तिची जाडी आणि तिच्यातील सळया ठरवितो. बाकीचे देणे थोडे हिशेबाबाहेरच्या जादा ताकदीतून फिटते, आणि पुष्कळसे भिंतीने स्वतःची मोडतोड करून घेऊन फेडावे अशी अपेक्षा असते: पायथ्याशी काँक्रीटला भेगा पडाव्यात, सळया ताणल्या जाऊन लांबाव्यात, आणि त्या लांबण्यात भूकंपाची ऊर्जा जिरून जावी. यात लबाडी काही नाही. प्रत्येक इमारत अशा भूकंपातही अभंग राहील एवढी भक्कम बांधावयाची म्हटले, तर ती बहुतेकांच्या ऐपतीबाहेर जाईल. पण करारातील एका पक्षाला कराराचा पत्ताच नसावा, ही गोष्ट मला नोकरीच्या पहिल्या वर्षांपासून खटकत आली आहे, हेही खरे.

माझ्या पिढीच्या महाराष्ट्रीय अभियंत्यांचे भूकंपाचे शिक्षण किल्लारीत झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर पंचनाम्याच्या एका तुकडीबरोबर मी लातूर आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांतून हिंडलो, तेव्हा तेथे कलत्या भिंती मोजण्याचा प्रश्नच नव्हता. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती दोन्ही अंगांनी फुटून बसल्या होत्या, आणि त्यांच्यावरची माळवदाची जड माती झोपेतल्या माणसांवर आली होती. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या मुलखाला तोवरच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात घातलेले होते. पुढे २००१ च्या जानेवारीत कच्छचा भूकंप झाला, आणि केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेल्या बहुमजली इमारती खाली बसल्या. या दोन्ही प्रसंगांनी माझ्या मनात एकच गोष्ट पक्की केली: पायापासून गच्चीपर्यंत अखंड गेलेली प्रबलित काँक्रीटची भिंत द्यावी आणि निश्चिंत व्हावे. ज्या इमारतींना अशा भिंती पुरेशा असतात त्या सहसा कोसळत नाहीत, असे जाणकार फार पूर्वीपासून सांगत आले होते आणि ते बरोबरच होते. मी ऐकले मात्र ‘कोसळत नाहीत’ एवढेच. न कोसळलेल्या इमारतीचे पुढे काय होते, हे विचारण्याची गरज मला तेव्हा भासली नव्हती.

ती गरज क्राइस्टचर्चने भासविली. न्यूझीलंडमधील या शहराजवळ २२ फेब्रुवारी २०११ रोजी भर दुपारी जो भूकंप झाला तो परिमाणाने किल्लारीएवढाच, ६.२ चा, परंतु उथळ आणि शहराला अगदी खेटून. १८५ माणसे मरण पावली. त्यांतील ११५ एकाच कोसळलेल्या इमारतीत. त्यानंतर इमारतींच्या तपासणीसाठी बाहेरदेशांतून अभियंते बोलाविले गेले, त्यांत मीही एका सल्लागार कचेरीत रुजू झालो. शहराच्या मध्यभागाला कुंपण घातलेले होते, आणि ते २०१३ च्या मध्यापर्यंत पूर्णपणे उठले नाही. त्या कुंपणाच्या आत परवाना दाखवून जावयाचे, डोक्यावर शिरस्त्राण, हातात विजेरी आणि भेगांची रुंदी मोजण्याची पारदर्शक पट्टी घेऊन जिने चढावयाचे, आणि उभ्या असलेल्या इमारतींची कैफियत लिहून काढावयाची, हे माझे काम. पडलेली इमारत पाहणे सोपे असते, तेथे मत बनवावे लागत नाही. या इमारती उभ्या होत्या. करारातील कलम त्यांनी तंतोतंत पाळले होते. आतील माणसे जिवंत बाहेर पडून घरी गेली होती. आणि तरीही, महिन्यांमागून महिने अहवाल लिहीत असता ध्यानात आले, की माझ्या बहुतेक अहवालांचा शेवट पाडण्याच्या शिफारशीत होत आहे. शहराच्या मध्यभागातील बहुमजली काँक्रीट इमारतींपैकी निम्म्याहून अधिक पुढे खरोखरच पाडल्या गेल्या.

कारण पुष्कळदा एकच असे. इमारत ओळंब्यात राहिलेली नसे. भूकंप थांबला त्या क्षणी ती जिकडे झुकली होती तिकडेच, थोडीशी का होईना, झुकून राहिली होती. सळई एकदा मर्यादेपलीकडे ताणली गेली की ती आपल्या मूळ लांबीवर येत नाही. तिने भेग उघडी धरून ठेवलेली असते, आणि वरची सारी भिंत त्या उघड्या भेगेवर तिरपी टेकलेली असते. उंचीच्या अर्धा टक्का हा कल ऐकावयास क्षुल्लक वाटतो; तीन मीटर उंचीच्या मजल्यात तो १५ मिलिमीटर होतो. पण अर्ध्या टक्क्याचा कल माणसाला जाणवू लागतो, आणि एक टक्क्याच्या आसपास चक्कर येणे, डोके दुखणे सुरू होते, हे जपानी अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. अर्ध्या टक्क्यापलीकडे कललेली इमारत दुरुस्त करण्यापेक्षा नवी बांधणे स्वस्त पडते, असाही त्यांचा निष्कर्ष आहे. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर रस्त्यांच्या पुलांचे शंभराहून अधिक काँक्रीट खांब केवळ या कलापायी पाडावे लागले. मी स्वतः अशा एका कचेरीच्या सहाव्या मजल्यावर दिवसभर मापे घेतली आहेत. तेथे दारे आपोआप उघडत, टेबलाचे खण पुढे येत, आणि दुपारनंतर मला मळमळू लागे.

एका इमारतीच्या वयस्क मालकाने मला जे विचारले त्याचे उत्तर मी बरीच वर्षे शोधीत होतो. तो म्हणाला, “तुमच्याच लोकांनी ही इमारत बांधताना मला सांगितले होते की ही भूकंपरोधक आहे. भूकंप आला, ती उभी राहिली. आता तुम्ही म्हणता ती पाडा. मग मी पैसे दिले ते कशाचे?” विम्याच्या कंपनीने त्याला नुकसानभरपाई दिली होती, त्यामुळे तक्रार पैशांची नव्हती, इमारतीत त्याचे आयुष्य गेले होते. मी त्याला संहितेतील तत्त्व समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “हे आधी का नाही सांगितलेत?”

त्याच शहरातील एका निवासी इमारतीच्या भिंतीचा प्रकार आमच्या व्यवसायात पुढे फार चर्चिला गेला. त्या भिंतीला पायथ्याजवळ फक्त एक भेग पडली होती, तीही बारीक. पाहणाऱ्याला वाटावे, भिंत सहीसलामत सुटली. आतले काँक्रीट फोडून पाहिले तेव्हा त्या भेगेत उभ्या सळया तुटलेल्या निघाल्या. झाले होते असे, की काँक्रीट अपेक्षेपेक्षा बळकट निघाले आणि सळया मात्र मोजक्या होत्या. त्यामुळे पहिल्या भेगेनंतर दुसरी भेग पाडण्याइतके बल सळयांना वाहून नेता आले नाही, आणि साऱ्या भिंतीची हालचाल त्या एकाच ठिकाणी येऊन साचली. सळईच्या बोटभर लांबीला सारे ताणणे सोसावे लागले आणि ती तुटली. नंतर तेथील संहितेत भिंतीच्या टोकांना अधिक सळया देण्याचा नियम आला. मला मात्र ती भेग पाहून निराळेच काही सुचले: भिंत एकाच ठिकाणी उघडणार असेल, तर ती तेथेच आणि आपल्या मर्जीने का उघडू नये?

अर्थात ही कल्पना माझी नव्हे. न्यूझीलंडात ती जुनी आहे. तेथील साउथ रँगिटिकी नदीवरचा रेल्वेपूल १९८१ साली खुला झाला. त्याचे सुमारे ७० मीटर उंचीचे खांब भूकंपात एक पाय उचलून दुसऱ्यावर डुलू शकतील असे मुद्दाम बांधलेले आहेत, आणि त्या उचलण्याला लगाम घालण्यासाठी पोलादाचे पीळ खाणारे दांडे बसविले आहेत. १९९० च्या दशकात नायजेल प्रीस्टली या न्यूझीलंडच्याच अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या विद्यापीठात पाच मजली नमुना उभा करून, पोलादी तारांनी खाली ओढून धरलेली काँक्रीटची भिंत डुलून पुन्हा सरळ उभी राहते हे दाखवून दिले. माझा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आला तो तपासणीचे काम ओसरल्यानंतर, जेव्हा एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत भिंतींच्या चाचण्यांसाठी माणूस हवा होता आणि मी अर्ज केला. पगार कमी होता. पण पाडण्याच्या शिफारशी लिहून माझा हात दुखावला होता.

तेथे आम्ही अर्ध्या मापाच्या भिंती बांधीत असू. एक नेहमीची, संहितेबरहुकूम. आणि दुसरी तशीच, पण तिच्या पायथ्याचे दोन्ही कोपरे कापून काढून त्या जागी एकेक पोलादी डॅम्पर, म्हणजे हादऱ्याची ऊर्जा जिरविणारे उपकरण, बसविलेला. कोपराच का, हे सांगावयास हवे. भिंत बाजूने ढकलली गेली की एक कोपरा दाबला जातो आणि दुसरा उचलला जातो. काँक्रीटचा चुरा होतो तो तेथे, सळया आधी ताणून मग दबून धनुष्यासारख्या बाहेर वाकतात त्याही तेथेच. दोन मीटर लांबीची भिंत दोन टक्क्यांनी कलली की उचललेल्या टोकाशी जवळजवळ ४० मिलिमीटरची फट पडते. ही फट एका सळईच्या बोटभर लांबीत सोसावयाची म्हणजे सळई तुटणार. तीच सळई सांध्याच्या खालीवर मीटरभर लांबी काँक्रीटपासून सुटी ठेवली, तर ती लांबीच्या चार टक्के ताणली जाते आणि टिकते. आमच्या भिंतीत मधल्या सळया अशा काही अंतर सुट्या ठेवलेल्या होत्या, टोकाच्या सळया सांध्याशीच थांबविलेल्या होत्या, आणि भिंत आडवी घसरू नये म्हणून मध्यभागी एक खाच दिली होती. दाब व उचल यांचा सारा भार कोपऱ्यातल्या डॅम्परांनी घ्यावयाचा.

डॅम्परची आतील रचना वर्णनाला साधी आहे, जमविण्याला नाही. मध्ये भोक असलेल्या, किंचित शंकूच्या आकाराच्या पोलादी चकत्या एका दांड्यावर ओवलेल्या असतात; अशा चकतीच्या स्प्रिंगेचे पेटंट बेल्व्हिल नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८६७ साली घेतले होते. चकत्या समोरासमोर उलट्या ओवल्या की हालचाल वाढते, एकावर एक सारख्या ठेवल्या की ताकद वाढते. ही चळत कारखान्यातच मोठ्या दाबाने आवळून ठेवतात, आणि नळीत नळी अशा बेताने बसवितात की डॅम्पर ताणला काय किंवा दाबला काय, चकत्या दोन्ही वेळा दाबल्याच जाव्यात. शिवाय बाजूने पोलादी पट्ट्या एकमेकींवर बोल्टांनी घट्ट धरलेल्या असतात, त्यांच्या घर्षणात ऊर्जा जिरते. परत आणण्याचे काम चकत्यांचे आणि ऊर्जा जिरविण्याचे काम पट्ट्यांचे. ही दोन कामे एकमेकांच्या विरोधात जातात, आणि या विषयातले सारे कौशल्य, माझ्या मते, या एका वाक्यात आहे. पावसाळ्यात फुगून चौकटीला घासणारे दार ज्याने पाहिले आहे त्याला हे लगेच कळेल: दाराची स्प्रिंग त्या घासण्यापेक्षा जोरदार असेल तरच दार पूर्ण मिटते, नाही तर ते मध्येच कोठे तरी अडून राहते. चकत्यांचा मूळचा आवळ घर्षणापेक्षा अधिक हवा. तो कमी पडला, तर भिंत कललेली राहते आणि सारा खटाटोप फुकट जातो. वरून येणारे इमारतीचे वजन फट मिटवावयास मदत करते खरे, पण सगळा भरवसा त्याच्यावर ठेवता येत नाही.

प्रयोगशाळेला पैसे देणाऱ्या मंडळींना घर्षण वाढवून हवे असे. कारण बल आणि हालचाल यांच्या आलेखावर जिरलेली ऊर्जा दाखविणारे वेटोळे जितके जाड, तितके ते दाखवावयास चांगले दिसते, आणि जागेवर परत येणाऱ्या भिंतीचे वेटोळे, जे झेंड्याच्या आकाराचे निघते, ते नेहमीच्या भिंतीच्या मानाने बारीकच राहते. हा तोटा खरा आहे. तो लपवू नये. अशी भिंत भूकंपात नेहमीच्या भिंतीपेक्षा थोडी अधिक हलू शकते, आणि तेवढी हालचाल घेण्याची तयारी बाकीच्या इमारतीत ठेवावी लागते. बैठकांत या गोष्टीवर पुष्कळ वाद झाले. निर्णय शेवटी आमच्या तंत्रज्ञाने केला असे मी म्हणतो, जरी त्याचे नाव कोणत्याही शोधनिबंधावर नाही. तो पूर्वी जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात होता. बोल्ट ठरावीक ताणाने आवळून झाले की आम्ही नोंद करून घरी जात असू. त्याने एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी न सांगता ताण पुन्हा मोजला आणि तो उतरलेला निघाला. पट्ट्यांवरचे अस्तर रातोरात किंचित दबले होते. मग तो रोज मोजू लागला. काही दिवसांनी उतरणे मंदावले, पण पुरते थांबले नाही. “आज तुम्ही इथे हवे तेवढे घर्षण ठेवा,” तो म्हणाला, “वीस वर्षांनी किती उरेल ते बोल्टला विचारा.” तेव्हापासून आम्ही घर्षणाचा आकडा एक न धरता त्याची वरची आणि खालची मर्यादा धरून दोन्हींसाठी गणित करू लागलो: घर्षण वाढले तरी भिंत परत यावी आणि उतरले तरी ती फार हलू नये. बाहेरून पाहणाऱ्याला हा बदल लहान वाटेल. माझ्या दृष्टीने उपकरण त्या दिवशी प्रयोगशाळेतून इमारतीत जाण्याजोगे झाले.

चाचणीचा दिवस कंटाळवाणा असतो, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. भिंतीला आधी चुन्याची सफेदी द्यावयाची, म्हणजे केसासारखी भेगही दिसते. वर चौकटी आखावयाच्या. माथ्यावर जॅकने वजन द्यावयाचे. आणि मग बाजूच्या यांत्रिक बाहूने भिंत अगदी सावकाश एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ढकलीत न्यावयाची, प्रथम उंचीच्या पाव टक्का, मग अर्धा, मग एक, दीड, दोन. प्रत्येक टप्प्यावर थांबून एका दिशेच्या भेगा तांबड्या आणि दुसऱ्या दिशेच्या निळ्या शाईने आखावयाच्या. नेहमीच्या भिंतीवर दुपारपर्यंत तांबड्या-निळ्या तिरप्या रेषांची जाळी उमटे. एक टक्क्यानंतर कोपऱ्यांतले काँक्रीट पापुद्र्याने सुटू लागे. दोन टक्क्यांवर सळया उघड्या पडून वाकलेल्या दिसत, आणि बाहू सैल सोडला तरी भिंत तिरपीच राही. डॅम्परवाल्या भिंतीवर रेषा थोड्या आणि बारीक. तिचा आवाज मात्र मोठा: पट्ट्या घसरताना कानठळ्या बसतील अशी किंचाळी निघे. दोन टक्क्यांवरून बाहू सोडल्यावर खालची फट मिटताना मी डोळ्यांनी पाहिली, आणि शिरस्त्याप्रमाणे ओळंबा सोडून मोजली. उरलेला कल मोजण्याच्या चुकीइतकाच होता. आनंद झाला. परंतु भिंतीच्या माथ्यावर मजल्याची लादी नव्हती, हे त्याच वेळी नजरेत भरले.

पुढची दोन-तीन वर्षे मी या लादीपायी खर्च केली, आणि आजही कोणी मला विचारले तर मी आधी लादीबद्दल बोलतो. एकटी भिंत डुलते तेव्हा तिचा एक काठ वर जातो, हे आपण पाहिलेच. त्या काठाला प्रत्येक मजल्याची लादी एकजीव ओतलेली असेल, तर तीही उचलली जाते. म्हणजे भिंतीची वाचवलेली मोडतोड लादीच्या अंगावर जाते. २०१६ च्या नोव्हेंबरात न्यूझीलंडच्या कैकोउरा भागात ७.८ परिमाणाचा भूकंप झाला तेव्हा वेलिंग्टनमधील एका आधुनिक कचेरीच्या इमारतीत तयार लाद्यांचे काही भाग खाली आले. तेथील कारण निराळे होते, डॅम्परचा काही संबंध नव्हता. पण चौकट हलली आणि लादीला त्या हालचालीची सोय नव्हती, एवढे साम्य मला पुरेसे बोलके वाटले. भिंत आणि लादी यांच्यामध्ये असा सांधा हवा की जो आडवे बल पोचवील आणि उभी हालचाल मोकळी सोडील. त्याच्या आकृत्यांना कोणी बक्षीस देत नाही, परिषदांत त्यांची चित्रे पडद्यावर दाखवीत नाहीत. डॅम्पर विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत तर लादी हा शब्दच सहसा सापडत नाही.

मायदेशी परतल्यावर मुंबईतल्या एका सल्लागार कचेरीत बसलो. तेथे हल्ली उंच मनोरे मायवान पद्धतीने, म्हणजे अॅल्युमिनियमच्या फरम्यांत, सगळ्या भिंती काँक्रीटच्याच ओतून बांधतात. आठ-दहा दिवसांत एक मजला उठतो. एका बांधकाम व्यावसायिकाने मोठ्या उत्साहाने मला बोलाविले. त्याला जाहिरातीत ‘भूकंपानंतर सरळ उभी राहणारी इमारत’ असे छापावयाचे होते. मी त्याचे नकाशे पाहिले आणि सांगितले की, “शेठ, या मनोऱ्यात तुमच्या भिंती वाऱ्यासाठी जाड कराव्या लागल्या आहेत; त्या इतक्या आहेत आणि त्यांच्यावर वजन इतके आहे की त्या डुलणारच नाहीत. डॅम्पर बसविलेत तर ते शोभेचे होतील.” त्याला ते आवडले नाही. “साहेब, शोभेचे तर शोभेचे,” तो म्हणाला, “ग्राहकाला आवडते.” मी नकार दिला आणि भिंतींच्या टोकांतील रिंगांचे अंतर संहितेप्रमाणे आहे की नाही ते पाहण्याचा सल्ला दिला, तो त्याने मानला, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

दुसऱ्या एका ठिकाणी, पुण्याच्या पुनर्विकासातल्या सात मजली इमारतीत, डॅम्परांचा खरोखर उपयोग झाला असता. सोसायटीच्या सभेत मी आकृत्या लावून समजावून सांगितले, कराराचे ते न वाचलेले कलमही वाचून दाखविले. लोकांनी चांगले ऐकले. मग एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने उठून विचारले, “इंजिनिअरसाहेब, हे यंत्र दर किती वर्षांनी तपासायचे? आमच्या लिफ्टच्या देखभालीचा करार दर वर्षी संपतो आणि नवा करायला चार महिने लागतात. भूकंप येईल तेव्हा या बोल्टांकडे बघणारा कमिटीत कोण असेल?” प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. त्यात अनुभव होता, आणि जहाजदुरुस्तीतल्या त्या तंत्रज्ञाने विचारला होता तोच प्रश्न होता. आमची संहिता अशा भिंतींसाठी स्वतंत्र कलम देत नाही, त्यामुळे तज्ज्ञांच्या समितीकडून वेगळी तपासणी करून घ्यावी लागली असती, खर्च आणि काळ दोन्ही वाढले असते. सोसायटीने साध्या भिंती घेतल्या, आणि त्या जागी मीही तोच निर्णय घेतला असता.

या दोन अनुभवांनंतर माझे मत बनले ते असे, की ही उपकरणे घरांच्या आधी रुग्णालयांत जावीत. संहिता रुग्णालयाला १.५ चा महत्त्व-गुणांक लावते, म्हणजे भिंती दीडपट बलासाठी काढावयास सांगते; पण दीडपट बलासाठी काढलेली भिंतही अखेर मोडूनच ऊर्जा जिरविणार, आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियागृह चालेल की नाही याबद्दल संहिता गप्प राहते. भुजमध्ये २००१ साली जिल्ह्याचे रुग्णालयच जमीनदोस्त झाले, जेव्हा त्याची गरज सर्वांत मोठी होती तेव्हा. तेथे नवे रुग्णालय बांधताना ते शिसे घातलेल्या रबरी आधारांवर उचलून ठेवले गेले. ते आधार न्यूझीलंडातून आले, आणि त्यांचा शोधही त्याच देशात १९७० च्या दशकात बिल रॉबिन्सन यांनी लावलेला होता. म्हणजे महाग, अपरिचित उपकरण आपल्याकडे कोणी घेणार नाही, हे म्हणणे खरे नाही. रुग्णालयात देखभालीचे खाते असते, नोंदवह्या असतात, प्राणवायूच्या नळ्या आणि जनित्रे रोज तपासणारी माणसे असतात. बोल्टांची एक ओळ त्यांच्या वहीत वाढविणे अवघड नाही.

सध्या सातारा जिल्ह्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या नव्या चार मजली इमारतीचे काम माझ्या टेबलावर आहे. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेच्या भूकंपाने ज्या भागाची घरे पाडली, त्या भागातले रुग्ण तेथे येतात, आणि विश्वस्तांपैकी दोघांना ती पहाट अजून आठवते, त्यामुळे मला फार पटवून द्यावे लागले नाही. पायथ्याच्या कोपऱ्यांत डॅम्पर, भिंत आणि लादी यांच्यात उभी हालचाल सोडणारा सांधा, घर्षणाच्या दोन्ही मर्यादांचे गणित, हे सारे कागदावर आले आहे; तज्ज्ञांची तपासणी चालू आहे आणि मंजुरी अद्याप हाती नाही. मध्यंतरी रुग्णालयाच्या देखभाल-प्रमुखांनी आम्हां सर्वांना एकत्र बोलाविले. वास्तुविशारदांनी तळमजल्यावर डॅम्परांपुढे लाकडी आवरण दाखविले होते. प्रमुखांचे म्हणणे पडले, की बोल्टांचा ताण मोजण्याचे यंत्र हातात धरून माणूस आत उभा राहील एवढे दार तेथे हवे, आणि आवश्यक वाटल्यास अख्खा डॅम्पर काढून ट्रॉलीवरून बाहेर नेता यावा. यासाठी नोंदणीची खिडकी सरकवावी लागणार होती, औषधांच्या दुकानाची भिंत हलणार होती, वास्तुविशारद नाराज झाले. त्या दारांची रुंदी किती असावी यावर संध्याकाळपर्यंत घासाघीस चालली, आणि शेवटी ती ट्रॉलीच्या मापाने ठरली.